सुभेदारांची सायकल

"नाथाजी, मान वर करा. अजून थोडी. हां, आता हलू नका," असं म्हणत डॉक्टर पल्लवीनं माझ्या नवऱ्याच्या हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा आवळला. आणि अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला, सुभेदार होऊन घरी आलेला माझा नवरा शाळकरी पोरासारखा मान वर करून उभा राहिला.

मी दहा पावलांवर स्कूटीवर बसून हे बघत होते. गुडघ्याला बांधायची पट्टी ते घरी विसरले होते, ती द्यायला पलूसच्या चौकापर्यंत आले होते. रविवारची सकाळ, साडेसहाची वेळ. चौकात वीस-बावीस सायकली आणि त्यांच्याभोवती सांगलीहून आलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळे अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत. त्यांच्यात आमचे हे. पन्नाशीचा माणूस, वर पिवळाधमक शर्ट आणि खाली ती काळी चड्डी. ती चड्डी मी धुतली की मागच्या दारी वाळत घालते, पुढच्या दारी घालायची माझी हिंमत नाही.

"अरे, काकू! तुम्ही कशा काय?" पल्लवीनं मला बघून हात हलवला.

म्हणजे ते नाथाजी आणि मी काकू. आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे आणि थोरले तेच आहेत. त्यांच्या ग्रुपमध्ये म्हणे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, लहानमोठं काही नसतं. मी आजवर नवऱ्याचं नाव तीन वेळा घेतलंय. लग्नात, सत्यनारायणाला आणि नणंदेच्या डोहाळजेवणाला, तेही उखाण्यात. ही बाई एका चढाला तीस वेळा घेते.

"आवं, पट्टी," मी पट्टी पुढं केली.

"अगं, कशाला आलीस येवढ्यासाठी? चाललं असतं की."

"गुडघा सुजल्यावर शेकायला मीच लागते न्हवं?" हे मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. पल्लवी खळखळून हसली. तिचा नवराही ग्रुपमध्येच आहे. दातांचा डॉक्टर, अंगानं भरलेला, कायम सगळ्यांच्या मागं. नवरा बरोबर असताना संशय कसला घेतेस, असं माझी लेक समीक्षा पुण्याहून फोनवर मला सुनावते. पण नवरा मागं राहिला, तर पुढं काय चाललंय ते त्याला कुठून दिसणार?

"साडेनऊला बागेत नाश्ता, काकू. आम्ही सगळे वाट बघतोय," पल्लवी म्हणाली. बावीस माणसांना नाश्त्याला बोलावल्याचं सुभेदारांनी मला परवा, शुक्रवारी सांगितलं होतं.

घंटा वाजवत सगळे निघून गेले. मी स्कूटी बागेकडं वळवली.

आमची बाग पलूसच्या वर, डोंगराच्या उताराला, घरही तिथंच. माझं माहेर मेढ्याचं. भाताचं खाचर आणि नाचणी यापलीकडं मला शेतीतलं काही कळत नव्हतं. द्राक्षं बघितली होती ती आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीतून न्यायची तेवढीच. विसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आले, आणि महिन्याभरात नवरा रजा संपवून निघून गेला. सासऱ्यांनी मला वेल दाखवला, काडी दाखवली, काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतो ते, मोजायला शिकवलं. आठ वर्षांनी ते गेले. त्यानंतर अडीच एकर बाग मी एकटीनं सांभाळली. दोन एकर खायची द्राक्षं आणि अर्धा एकर वाईनची, काळी, बारीक, बियांची. पलूसला वाईनचे कारखाने उभे राहणार अशी हवा होती तेव्हा सासऱ्यांनी ती हौसेनं लावली. पुढं बाकीच्यांनी उपटून टाकली, मी ठेवली. नाशिककडची एक कंपनी माल उचलते. त्यांची वाईन कशी लागते ते मला अजून ठाऊक नाही.

नवरा सरहद्दीवर आणि मी फवारणीच्या ट्रॅक्टरवर, अशी तेवीस वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी ते कायमचे घरी आले, तेव्हा मला वाटलं होतं, आता सकाळचा चहा आपण दोघं बागेत बसून पिऊ. एवढंच वाटलं होतं, जास्त काही नाही.

आल्या आल्या त्यांनी बागेचे खांब रंगवले. औषधाचे डबे उंचीप्रमाणं लावले. मजुरांच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीची शिट्टी सुरू केली. त्या बायका शिट्टी वाजली की आधी हसायच्या आणि मग जेवायला बसायच्या. मीही हसायचे.

मग ऑक्टोबर आला, छाटणीचा. चुलते वारले म्हणून मी दोन दिवस मेढ्याला गेले होते. परत आले तर सुभेदार बांधावर उभे, हातात कात्री, तोंडावर आनंद मावत नाही. तीन लाइनी त्यांनी स्वतः छाटल्या होत्या. प्रत्येक काडी मोजून, पाचव्या डोळ्यावर.

"बघ कशा दिसत्यात! एक काडी पुढं न्हाई, एक मागं न्हाई."

दिसत होत्या खऱ्या छान. परेडला उभ्या केल्यासारख्या. पण प्रत्येक डोळ्यात घड नसतो. कुठल्या काडीला तो चौथ्या डोळ्यात असतो, कुठल्या काडीला आठव्यात. काडीची जाडी बघायची, गाठ बघायची, बोटानं चाचपायची आणि मग कात्री लावायची. हे सांगून येत नाही, आणि मला मेढ्याला फोन करून विचारावं असं त्यांना वाटलं नाही. तीन आठवड्यांनी त्या लाइनींना पाला आला भरगच्च. घड शोधूनही सापडेना.

"साहेबांनी बागंची हजामत केली की वं, वैनी," आमच्या टोळीतली सुलाबाई म्हणाली. ती जतकडची, जिभेला हाड नाही, पण कामाला वाघीण. पंधरा बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

आणि मी त्या पंधरा बायकांसमोर म्हणाले, "तुमी आता बागंत कशाला हात लावू नगा. लय दमलायसा आयुष्यभर. आराम करा."

ते "बरं" म्हणाले. पुढच्या महिन्यात सायकल आली.

त्या सायकलीचं कौतुक काय सांगावं! माझी स्कूटी अंगणात उन्हापावसात, सायकल माजघरात. रोज संध्याकाळी मऊ फडक्यानं पुसायची, साखळीला थेंब थेंब तेल सोडायचं. माझ्या टाचांना भेगा पडून वर्षं झाली, त्यांना कुणी तेल लावलं नाही. पहाटे साडेचारला उठून ते बाहेर पडत. माणूस सुट्टीवर यायचा तेव्हा निदान सकाळी घरात तरी असायचा. आठला परत आले की फोनवर आकडे दाखवत. इतके किलोमीटर, इतका चढ, छातीचे इतके ठोके. एकदा म्हणाले, "पल्लवीनं अंगठा दिलाय बघ."

"कशाबद्दल?"

"चांगली चालवली म्हून."

गारपिटीतून मी बाग वाचवली त्या वर्षी मला कुणी अंगठा दिला नव्हता. सवत परवडली असती. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या, सायकलीचं काय उपटणार?

तर त्या रविवारी मी आणि सुलाबाईनं मिळून बावीस माणसांचं उप्पीट केलं, भडंग कालवला, चहाचं आधण ठेवलं. नऊ वाजून गेल्यावर मी वरच्या बांधावर जाऊन उभी राहिले. तिथून खालचा रस्ता दिसतो, द्राक्षबागांमधून वळणं घेत चढणारा. एकेक सायकल वर येत होती. पल्लवी दुसरी होती. मान खाली, पाय सारखे फिरत होते. आमचे हे मात्र पुढं दिसेनात. मला आधी धास्ती वाटली, गुडघा गेला की काय.

मग दिसले, सगळ्यांच्या शेवटी. एक हात हँडलवर आणि दुसरा हात त्या दातांच्या डॉक्टरच्या पाठीवर. दोघांच्या सायकली शेजारी शेजारी आणि हे त्या जाड्या माणसाला तळहातानं चढावर ढकलत आणत होते. "चल गड्या! ह्यो शेवटचा! थांबायचं न्हाई!" इथवर आवाज येत होता. वर पोचलेले लोक खाली बघून ओरडत होते, "नाथाजी! नाथाजी!" वर आल्यावर त्या डॉक्टरनं यांना मिठीच मारली, आणि हे हसले. मी त्यांचं असं हसणं घरात एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जे मला मिळालं नाही, ते हा माणूस रस्त्यावर वाटत सुटला होता.

पाहुणे मांडवाखाली बसले. उप्पिटाचं कौतुक झालं, भडंग तर पुरेनाच. कुणीतरी विचारलं, "बाग तुमचीच का, नाथाजी?"

"हिची," ते माझ्याकडं बोट करून म्हणाले. लोकांना तो विनय वाटला. सगळे हसले.

वाईनची द्राक्षं बघायला सगळे उठले. सुभेदार पुढं झाले, मांडवाखालच्या त्या काळ्या घडांपाशी थांबले आणि ऐटीत म्हणाले, "सुलाबाई, पाव्हण्यांस्नी चार घड तोडून द्या."

सुलाबाईनं कात्री उचलली. पण घडाला लावली नाही. त्यांच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तोडू न्हवं, वैनी?"

मी मान हलवली. तिनं तोडले.

पाहुण्यांच्या हे लक्षातही आलं नाही. ते घडांचे फोटो काढण्यात दंग होते. सुभेदार मात्र पाण्याची बाटली घेऊन नळाकडं निघून गेले. बाटली भरलेली होती, मला दिसत होती.

पल्लवी माझ्याबरोबर ताटल्या गोळा करायला लागली. नको म्हटलं तरी ऐकेना. पदर खोचल्यासारखं तिनं ते चिकट जाकीट कमरेला बांधलं आणि खाली बसून ताटल्या विसळू लागली. बाई वाईट असती तर मला बरं वाटलं असतं.

"काकू, तुमचं खरंच कौतुक वाटतं. नाथाजी सारखं सांगत असतात, ती आहे म्हणून बाग आहे. म्हणूनच ते निर्धास्त आहेत. शिरवळला गेले तरी इकडचं काही अडणार नाही, असं म्हणत होते."

"शिरवळला?"

"माझ्या भावाची कंपनी आहे ना तिथं. सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून. एक तारखेपासून." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून तिचा हात थांबला. "तुम्हाला बोलले नाहीत?"

"बोलले की," मी म्हणाले. "म्हनलं, कुठलं शिरवळ."

माझ्या घरातली गोष्ट मला सांगलीच्या डॉक्टरनं सांगावी! बाकीचं सगळं मी गिळलं होतं. नावानं हाक, पट्टा, अंगठा, सगळं. हे गिळेना. पाहुणे जाईपर्यंत मी एकाही माणसाशी धड बोलले नाही. निघताना पल्लवीनं माझा हात धरला, तो मी लाकडासारखा तिच्या हातात राहू दिला.

सगळे गेले. सुभेदार शेडच्या दारात बसून सायकल पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"शिरवळला काय हाय?"

फडकं थांबलं. "नोकरी."

"पेन्शन पुरंना व्हय?"

"पुरतंय."

"मग त्या बाईच्या भावाकडं कशाला? तिला आधी म्हाईत, मला न्हाई! मी तुमची कोन हाय? उप्पीट करनारी?"

"तिला इचारलं म्हून तिला म्हाईत. तुला इचारलं असतं तर तू म्हनली असतीस, जावा."

"मी?" माझा आवाज चढला. "मी म्हनलं असतं जावा? तेवीस वर्सं वाट बघितली मी तुमची!"

"बघितलीस. न्हाई कुठं म्हंतो?" ते हळूच म्हणाले. रागानं बोलले असते तर मी तोडीस तोड दिलं असतं. "पर मी आल्यावर बसायचं कुठं, ते तू ठेवलं न्हाईस गं. चार घड तोडा म्हनलं तर बाई तुझ्याकडं बगती. मोटार मी चालू केली की तू मागनं येऊन बगून जातीस. हितं मी पाव्हना हाय. त्यो डॉक्टर येवढा शिकल्याला मानूस, चढावर मला हाक मारतो. मला तेवढं बरं वाटतं. दुसरं काय न्हाई."

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, आणि ते खरं बोलत होते याचा जास्त आला होता.

मग त्यांनी फडक्याची घडी केली, ती मांडीवर ठेवली आणि बागेकडं बघत म्हणाले, "एक लाईन दे मला."

"काय?"

"एकच. माझी म्हून. छाटनी मी करीन, फवारनी मी करीन. चुकलं तर चुकू दे, तू बगायचं न्हाई. येवढं दिलंस तर मी पल्लवीला आत्ता फोन करून नगं म्हनून सांगतो."

अडीच एकरात शंभरावर लाइनी आहेत. मी मान वळवून बघितलं. पहिली बांधाकडची, तिच्यावर रस्त्याची धूळ येते, तिला जास्त जपावं लागतं. दुसरीचं ठिबक मी स्वतः घातलंय. तिसरीचे घड सगळ्यांत सरस. चौथीत सासऱ्यांनी मला पहिल्यांदा कात्री धरायला शिकवली होती. पाचवी, सहावी, सातवी. माझी नजर पुढं पुढं सरकत होती आणि कुठंच थांबत नव्हती. ते वाट बघत होते. त्यांना फक्त "घ्या" हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठली?"

त्यांनी मांडीवरचं फडकं उचललं.

"ती रस्त्याकडची घ्या," मी घाईनं म्हणाले. "पर औषिद मी सांगीन तेच मारायचं. आन छाटनीला सुलाबाईला संगट घ्या, म्हंजी..."

ते हसले. वाईट हसले नाहीत. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि सायकल उचलून घरात ठेवायला निघाले.

दोन वर्षं मी त्या पल्लवीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिनं माझं काहीसुद्धा नेलं नव्हतं. माझ्या वस्तूला दुसऱ्याचा हात लागलेला मलाच खपत नव्हता, मग तो हात नवऱ्याचा का असेना. हे मला त्या दिवशी शेडच्या दारात उभं असताना कळलं. कळलं, पण हाक मारून "कुठलीबी घ्या" म्हणायला जीभ उचलली नाही. उद्या म्हणू असं ठरवलं. तोडणीचे दिवस होते. रोज टेम्पो येत होता, रोज उद्यावर गेलं.

एक तारखेच्या आदल्या दिवशी मी त्यांची पेटी भरली. चिवडा एका बाजूला, मेतकूट डब्यात, डब्याला फडकं बांधून. शर्टांच्या घड्या, वर टॉवेल. माझे हात हे काम न बघता करतात. कुठं काय बसतं ते त्यांना ठाऊक आहे. सायकल आधीच डॉक्टरांच्या गाडीवरून शिरवळला गेली होती. माजघरातली ती जागा झाडून घेताना मला तिचा राग येतो का ते बघितलं. येत नव्हता.

सकाळी पलूसच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेले. कराडची एस.टी. लागलेली होती. पेटी आत ठेवून ते खिडकीशी बसले. मी खाली खिडकीला हात लावून उभी राहिले. आता म्हणायचं, हे मी घरून ठरवून आले होते. उतरा, कुठलीबी घ्या, दहा घ्या. शब्द ओठावर आणून ठेवले होते.

"आवं, ऐका," मी म्हणाले.

"काय गं?" ते खिडकीतून वाकले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुलाबाई होती. "वैनी, टेंपो येऊन हुबा हाय. कुठल्या लाइनीपास्नं तोडू?"

"तिसरीपास्नं," मी म्हणाले. "आन देठाला धर, मन्याला हात लावू नगंस. बायकांस्नी सांग तसं. मी आलेच."

फोन ठेवून वर बघितलं तर कंडक्टरनं घंटी मारली होती. सुभेदार खिडकीतून माझ्याकडं बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"काय म्हनत हुतीस?"

"पोचला की फोन करा."

"करतो," ते म्हणाले. "जा तू. टेंपो थांबलाय."

एस.टी. हलली. मी सवयीनं हात हलवत उभी राहिले. तेवीस वर्षं याच स्टँडवर मी त्यांना असाच हात केला होता, पण तेव्हा त्यांना सरकार न्यायचं.